जमादार सांगतात

आमच्या भिंगारच्या गल्लीत एकदा दुधाच्या पातेल्याचा पंचनामा झाला होता. पातेलं माझं. मांजरानं ते खिडकीतून ढकललं, दूध जिन्यावरून खालपर्यंत गेलं आणि मी फडकं घेऊन धावले, तर जिन्याच्या तळाशी घरमालक हात आडवा करून उभे.

"मॅडम, थांबा. जागेवरचं काही हलवू नका."

समोरचा शिंपी आणि हातगाडीवरचा भाजीवाला अशा दोघांना त्यांनी पंच म्हणून बोलावलं. फुलस्केप कागदावर डावीकडे चार बोटं समास सोडून लिहायला घेतलं. 'सदर पातेले जर्मनचे (अ‍ॅल्युमिनियमचे) असून पालथ्या स्थितीत मिळून आले. पूर्वेस जिना, पश्चिमेस मोरी.' शेवटी दोघांच्या सह्या आणि फिर्यादी म्हणून माझी. तोवर दूध वाळून गेलं होतं.

"आणि मांजर?" मी विचारलं.

"फरारी," ते म्हणाले. अजिबात न हसता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गल्ली त्यांना जमादार म्हणायची. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण नोकरीतली बहुतेक वर्षं ठाण्यात रायटर म्हणून गेलेली, म्हणजे लोकांच्या फिर्यादी, जबाब, पंचनामे लिहून घेणारा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, पुणतांब्याला दिलेली. बदली होऊन मी नगरच्या शाळेत आले आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ईदला ते शिरखुर्म्याचा डबा वर पाठवायचे, त्यावर दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी असायची: 'सकाळी ९.४० वा. रवाना.' रिकामा डबा परत करताना मीही वेळ लिहावी, अशी त्यांची अपेक्षा असे. एकदा मी विसरले, तर खालून आवाज आला, "मॅडम, मानूस इसरतो. कागद इसरत न्हाई."

खाडाखोड त्यांना खपत नसे. शब्द चुकला तर तो गिरवायचा नाही, खरडून झाकायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि तिथे छोटी सही करायची. "चूक दिसली पायजे," म्हणायचे, "आन् ती कुनी दुरुस्त केली, हे बी." माझ्या वाण्याच्या यादीतसुद्धा 'तूरडाळ' खोडली असेल तर ते शेजारी सही मागत.

माझं आणि त्यांचं खरं जमलं ते एका जुन्या मालिकेमुळे. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा एक पोलीस मालिका लागायची. एक इन्स्पेक्टर, एक ढेरपोट्या हवालदार, एक खडखडणारी जीप. लॉकडाऊनमध्ये कुणीतरी तिचे भाग इंटरनेटवर टाकले आणि मी हौसेनं तिच्या चाहत्यांचा एक ग्रुप काढला. बघता बघता हजारो लोक जमले. पुण्याचे, सोलापूरचे, काही तर दुबईहून लिहिणारे. आणि प्रश्न काय एकेक! एकाच भागात जीपचा नंबर दोनदा का बदलतो? इन्स्पेक्टर प्रेताशेजारी सिगारेट कशी ओढतो? हवालदार काठी डाव्या हातात का धरतो? मग वाद. खात्यात असं चालतं की नाही, यावर ज्यांनी ठाण्याची पायरीही चढली नव्हती ते लोक हमरीतुमरीवर येत.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी मी सहज त्यातला एक प्रश्न जमादारांना विचारला. इन्स्पेक्टर घरी बसलेला असतो, डोक्यावर टोपी नसते, साहेब आत येतात आणि हा कडक सॅल्यूट मारतो. बरोबर का?

जमादार पायरीवर बसले होते. ते ताडकन उठले. "बोडक्यानं सॅल्यूट? न्हाई, न्हाई! टोपी नसली तर नुसतं सावधान. लिहून घ्या!"

मी लिहून घेतलं आणि ग्रुपवर टाकलं, वर मथळा दिला: 'जमादार सांगतात'. त्या दिवसापासून तो रोजचा रिवाज झाला. पाच वाजता मी शाळेतून यायची, ते पायरीवर तयार. दाढी केलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "विचारा," म्हणायचे. भाग बघताना ते माझ्या मोबाईलशी भांडत. "अरं, पंच कुटं हाय? रिकाम्या घरात सुरा सापडला आन् ह्यो रुमालात गुंडाळून चालला! लाखेचं सील कुटं?" लोकांना ते फार आवडत. कुणाचा वाद पेटला की खाली हमखास कुणीतरी लिही, 'थांबा, जमादारांना येऊ द्या.' मी त्यांना ते वाचून दाखवायची. ते चष्मा काढून पुसत बसत. सबंध नोकरीत त्यांच्या शब्दासाठी कुणी थांबलं नसावं.

आणि मग तो भाग आला.

त्यात दिवेलागणीला एक बाई ठाण्यात येते. नवरा घरी आलेला नाही, म्हणते. हवालदार लिहीत असतो, मान वर न करता सांगतो, "उद्या सकाळी या." एवढंच दृश्य. ग्रुपवर त्यावरून दोन तट पडले. एक म्हणे, हा खात्यावर अन्याय आहे, कुठलाही हवालदार असं म्हणणार नाही. दुसरे आपापले अनुभव सांगू लागले. चार दिवस वाद चालला आणि सगळे जमादारांच्या निकालाची वाट पाहू लागले.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी दार बंद. तिसऱ्या दिवशी पायरीवर होते, पण दाढी वाढलेली. मी पुन्हा विचारलं, "जमादार, लोक थांबलेत हो."

"बरोबर दाखवलंय," ते म्हणाले. मी मोबाईल उघडला, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आज लिहून घेऊ नका."

मग त्यांनी सांगितलं. कुठल्या ठाण्यातलं ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, साहेब येणार होते, रजिस्टरं अर्धी राहिली होती आणि हे एकटे लिहीत बसले होते. एक तरुण बाई आली. नवरा घोडेगावच्या बाजाराला बैल विकायला गेला होता, दुपारीच परत यायला हवा होता.

"मी म्हनलं, बाजार हाय, बसला आसंल कुटं. उद्या सकाळी या. ती धा मिन्टं दारात उभी हुती, मॅडम. मला दिसत हुती. मी मान वर केली न्हाई."

सकाळी रस्त्याकडेच्या चारीत तो सापडला. कुठल्या तरी गाडीनं उडवला होता. डॉक्टरांचा कागद रायटर म्हणून यांच्याच हाती आला. त्यात लिहिलं होतं की माणूस लगेच मेला नव्हता, पहाटेच्या सुमारास गेला होता. संध्याकाळी कुणी रस्ता पाहिला असता तर कदाचित वाचला असता.

"ती रडत हुती. म्हनली, लई तरास झाला का वो त्यांना? मी म्हनलं, न्हाई बाई, जागेवरच गेले. कळलं बी न्हाई." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. "आन् ती आली हुती, ह्ये मी डायरीत लिवलंच न्हाई. अजून पातूर कुटंच लिवलं न्हाई."

आजही मला वाटतं, त्या वेळी नुसतं त्यांच्याशेजारी बसून राहायला हवं होतं. पण मी शिक्षिका. समोरच्याला दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"तुम्ही त्यांना जाऊन खरं सांगा," मी म्हणाले. "तुमचं मन हलकं होईल."

"आता? सांगून काय हुनार?"

"तुम्हीच म्हणता ना, चूक दिसली पाहिजे. रेघ मारायची आणि शेजारी सही करायची."

त्यांचाच नियम मी त्यांच्यावर फिरवला. पुढचे पंधरा दिवस मी तोच धोशा लावला. घोडेगावकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून त्या बाईंचा पत्ताही काढला. आणि सगळंच कबूल करायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं की नावगाव गाळून ही गोष्ट ग्रुपवर लिहिता येईल. किती लोक वाचतील!

एका रविवारी आम्ही एसटीनं घोडेगावला उतरलो आणि रिक्षानं पुढे त्यांच्या वाडीवर गेलो. पत्र्याचं नीटनेटकं घर, बाजूला गोठा, गोठ्यात चार संकरित गाई. बाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा, चाळिशीचा, दुधाचे कॅन धूत होता. जमादारांनी "रामराम" म्हटलं आणि बाईंनी मान वर केली.

"ह्यो आवाज वळखीचा हाय," त्या म्हणाल्या. मग उठूनच उभ्या राहिल्या. "तुमी ठाण्यातलं जमादार ना? आरं, पानी आन, खुर्ची आन! ह्यांनी लई धीर दिल्ता मला."

आम्ही बसलो. त्या माझ्याकडे वळून सांगू लागल्या, "मालक गेले तवा हा पोटात हुता, बाई. मला वाटायचं, कसं गेलं आसंल त्यांचं? पर ह्यांनी सांगितलं, जागेवरच गेले, तरास न्हाई झाला. त्या येका शब्दावर दिस काढले मी. न्हाईतर येडी झाले आसते."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी विसरलेले नाही. परत फिरायचं का, असं ते विचारत होते. नुसती मान हलवली असती तर आम्ही चहा पिऊन निघालो असतो. मी मान हलवली, पण 'सांगा' अशी.

त्यांनी सांगितलं. उभं राहून, हात मांडीला लावून, साहेबांपुढे सांगावं तसं. वेळेसकट. तपासणी, रजिस्टरं, डॉक्टरांचा कागद, पहाट. एक शब्द गाळला नाही.

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "म्हंजी," त्या म्हणाल्या, "मी घरी येऊन निजले, तवा ते जित्ते हुते?"

मुलानं हातातला कॅन खाली ठेवला.

"हाका मारत आसतील," त्या म्हणाल्या.

मुलगा पुढे आला. आवाज चढवला नाही त्यानं. "काका, उठा. इतकी वर्सं गप बसला, आजून बसला आसता तर काय बिघडलं आसतं? तुमचं वझं हलकं झालं. आईचं काय?"

परतीच्या बसमध्ये जमादार खिडकीकडे तोंड करून बसले. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. नगर आल्यावर म्हणाले, "त्या पोराचा सवाल बरोबर हुता," आणि उतरले.

तीन आठवड्यांनी त्या मुलाचा मला फोन आला. विद्यार्थिनीकडून नंबर मिळवला होता. "बाई, आई भाकरीला हात लावत न्हाई. उठली की त्या चारीवर जाऊन बसती. म्हनती, मीच दारात बसून राह्यले आसते तर त्यांनी मानूस धाडला आसता. सोताला दोस देती. तुमी त्या म्हाताऱ्याला घिऊन या आन् सांगा, त्याचं डोकं फिरलंय, केस दुसरीच हुती म्हनून. कायबी सांगा. पर या."

मी हे जमादारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं वरखाली लावून, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट घालून खाली उभे होते. मला वाटलं, खरंच काही झालं की काय.

"चला," म्हणाले. "चांगलं दिसतंय ना?"

वाडीवर पोचताच त्यांनी मुलाला विचारलं, "ह्ये मिरजगाव ना?" बाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. जमादार त्यांच्यासमोर बसून मिरजगावच्या हायवेवरचा कुठला तरी ट्रक, कुठला तरी मयत क्लीनर, असं काहीबाही सांगू लागले. पहाटे गेला तो क्लीनर. डॉक्टरांचा कागद त्याचा. तारखा उलटसुलट. मध्येच त्यांनी बाईंना "वहिनी" म्हटलं, मध्येच "आपा". ज्या माणसाला पालथ्या पातेल्याच्या दिशा चुकलेल्या चालत नव्हत्या, तो माणूस माझ्यासमोर स्वतःचा एकेक शब्द मोडत होता.

बाई टक लावून ऐकत होत्या. "आन् आमचे मालक?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोन? बैलवाले? ते तर जागेवरच गेले. म्या सांगितलं न्हाई का तवा?"

बाईंनी डोळे मिटले. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी शिकलेल्या. ह्यांचं खरंच आसं झालंय?"

"हो," मी म्हणाले. "हल्ली केसेस मिसळतात त्यांच्या."

त्या उठल्या आणि स्वतः चहा टाकला. जमादारांच्या हातात कप देताना म्हणाल्या, "म्हातारपन लई वाईट, दादा." त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला: अर्धी भाकरी खाल्ली.

बसमध्ये जमादार म्हणाले, "मॅडम, पंचनामा खोटा झाला. पंच तुमी." मग बटणं नीट लावू लागले.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. त्या मुलानं भाऊबंदांत सांगितलं की म्हातारा भ्रमिष्ट आहे, आणि ते सांगणं भागच होतं. आमच्या ग्रुपवर नेवाशाकडचे एक गृहस्थ होते, त्या घराचे नातेवाईक. माझ्या नावावरून त्यांनी धागा जुळवला. त्यांनी लिहिलं, 'ज्यांना तुम्ही गुरू मानता ते जमादार घोडेगावला मिरजगाव म्हणतात. एका विधवेला उगाच रडवून आले.' झालं. ज्यांचे वाद जमादारांनी खोडले होते ते सगळे पुढे सरसावले. जुनी उत्तरं उकरली गेली. सॅल्यूटसुद्धा चूक ठरला. कुणी लिहिलं, 'दूधवाल्याचा हिशोब तरी कळतो का त्यांना?'

मी ग्रुपची प्रमुख. 'त्यांचं वय काहीही असो, उत्तरं बरोबर आहेत,' एवढं तरी मला लिहिता आलं असतं. पण त्यावर दहा प्रश्न आले असते, मी अडकले असते, ते वाडीपर्यंत गेलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे लोक माझ्यावरही हसू लागले होते. एके दिवशी मी 'जमादार सांगतात' हे सगळं सदरच काढून टाकलं.

पाच वाजता ते पायरीवर होते. "वाचा," म्हणाले.

मी सगळं वाचून दाखवलं. सदर काढल्याचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, खिशात ठेवला.

"आसू द्या," म्हणाले. "तिच्या कानावर गेलं तर उलट बरं."

त्यानंतर त्यांनी ते सोंग गल्लीतही धरलं. त्यांचा जावई दर आठवड्याला घोडेगावच्या बाजाराला जायचा. जमादार ठणठणीत आहेत, ही बातमी गल्लीतून निघून कुठे पोचेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शिंप्यानं विचारलं, "जमादार, आज वार कोणता?" तर गुरुवार असताना बुधवार म्हणाले. मी जिन्यात उभी होते. वार सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले. शिरखुर्म्याचा डबा आला, तर त्याला चिठ्ठी नव्हती.

शेवटी मुलगी आली. "अब्बांना आता एकटं ठेवता येणार नाही," ती म्हणाली. ट्रंक भरत होती बिचारी, डोळे पुशीत. मी तिच्या मागे उभी राहून तोंड उघडलं. समोर खुर्चीत बसलेल्या जमादारांनी माझ्याकडे पाहून अगदी थोडी मान हलवली. नाही. मी तोंड मिटलं. गाडीत बसताना मुलीनं त्यांच्या खिशातली दोन्ही पेनं काढून घेतली. "शाई सांडून घेतील," ती मला म्हणाली.

पुढे त्या वाडीवरच्या बाईंनी मला नातीच्या लग्नाला बोलावलं. अंगानं भरल्या होत्या, पंगतीत फिरून आग्रह करत होत्या. निघताना त्यांनी एका पिशवीत भाजक्या शेंगा बांधून दिल्या. "त्या जमादारांस्नी द्या. बिचारं, डोकं गेलं, पर मानूस लई चांगला."

मी पिशवी घेऊन पुणतांब्याला गेले. ते मुलीच्या अंगणात बाजेवर बसले होते. शर्टाची बटणं वरखाली. मुलगी म्हणाली, "अब्बा, नगरच्या मॅडम आल्यात." त्यांनी माझ्याकडे कोरं पाहिलं. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "घोडेगावच्या बाईंनी पाठवल्यात."

"कोन बाई?"

हे सोंग की खरं, मला कळेना. मुलगी चहा टाकायला आत गेली. त्यांनी दाराकडे पाहिलं, पिशवीची गाठ सोडली, एक शेंग हातात घेतली आणि मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, "जेवती ना नीट?"

"हो," मी म्हणाले. "नातीचं लग्न झालं. बऱ्या आहेत."

त्यांनी मान डोलावली. मी पुढे झुकले. चला नगरला, मी मुलीला सगळं सांगते, असं काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात मुलगी कप घेऊन बाहेर आली.

जमादारांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "आपन कोन?"

मी त्यांना माझं नाव सांगितलं.